अण्णांचा कॉर्नेट आणि हुरड्याचे दिवस

सोलापुरात थंडी येते म्हणजे फार काही होत नाही. सकाळी दुकानाचं शटर उचलताना लोखंड हाताला गार लागतं. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याभोवती माणसं जरा जास्त वेळ रेंगाळतात. गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट बंद दारांमागून दबून येतो. दुपारी मी पुन्हा पंखा लावते. माझं औषधांचं दुकान आहे. खोकल्याच्या बाटल्या पुढच्या फळीवर आल्या की समजायचं, हुरड्याचे दिवस आले.

आणि हुरड्याचे दिवस आले की आमच्या बँडच्या तालमी सुरू होतात. परवाच्या रविवारी सुरू झाल्या. मी कपाटातून क्लॅरिनेट काढलं, सांध्यांना ग्रीस लावलं, रीड, म्हणजे तोंडाजवळची वेताची पातळ पट्टी, ओली करायला तोंडात धरली. ओल्या वेताची ती कडसर चव जिभेवर आली आणि मी तशीच पलंगाच्या कडेला बसून राहिले. दरवर्षी असंच होतं. दरवर्षी ती चव मला त्याच एका थंडीत नेऊन सोडते.

आमचा बँड म्हटलं की लोक लगेच विचारतात, लग्नाची सुपारी घेता का. नाही घेत. आम्ही बसून वाजवतो, हे सांगताना मला अजून हसू येतं, कारण ऐकणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही. माने मास्तर उभं आयुष्य पोलीस बँडात होते. निवृत्त झाल्यावर त्यांना घरी बसवेना, म्हणून त्यांनी ओळखीपाळखीची, कधीकाळी काहीतरी वाजवलेली माणसं गोळा केली. कुणी शिक्षक, कुणी कारखान्यातले, दोन कॉलेजच्या मुली, शिंपीकाम करणारे रफिकभाई साइड ड्रमला. मी शाळेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, लग्नानंतर ते माळ्यावर गेलं होतं. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. पितळ थंडीत गार पडलं की सूर खाली बसतो, म्हणून सुरुवातीला सगळे नुसतीच फुंकर घालत बसतात. त्या वेळी हॉलमध्ये सूर नसतो, फक्त श्वास असतात. मला तो आवाज फार आवडतो.

आणि अण्णा होते. म्हणजे आहेत. इराण्णा त्यांचं नाव, पण आम्ही सगळे अण्णाच म्हणतो. मूळचे दुधनीचे, घरात कानडी, दुकानात मराठी. माझ्या मागच्या गल्लीत त्यांचं भुसार दुकान आहे. दिवसभर ज्वारीच्या पोत्यात हात घालून दाणे तळव्यावर घेणारा, तूरडाळ मोजून देणारा जाडजूड शांत माणूस. लहानपणी दुधनीच्या शाळेत बिगुल वाजवायला शिकले आणि मग कॉर्नेटवर, म्हणजे ट्रम्पेटच्या आखूड भावंडावर, आले ते कायमचे. त्यांचा सूर कसा होता हे मला नीट सांगता येत नाही. तो सुरू कधी झाला ते कळायचं नाही, एवढंच सांगता येईल. आपण तो आधीपासून ऐकतच होतो, आता फक्त लक्ष गेलं, असं वाटायचं. मास्तर फारसं कुणाचं कौतुक करत नसत. अण्णांचं वाजवून झालं की ते ताल द्यायची काठी खाली ठेवून नुसते चष्मा पुसत.

त्या थंडीत मास्तरांनी स्वतः एक रचना बसवली होती. सुरुवातीला सगळा बँड, मग एकेक वाद्य गप्प होत जातं, आणि मध्यावर कॉर्नेट एकटा. बाकीच्यांनी खाली नुसते लांब सूर धरून ठेवायचे. सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी तलावाजवळच्या बागेत आमचा कार्यक्रम असतो, त्यात ती वाजवायची होती. अण्णांसाठीच लिहिली होती ती, हे कुणी बोलून दाखवलं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

मार्गशीर्षात अण्णांनी बँडला हुरड्याला नेलं. त्यांची सासुरवाडी मंगळवेढ्याकडची. काळ्या रानात नजर जाईल तिथपर्यंत ज्वारी उभी होती, कणसांवर दव होतं. आगटीतल्या गोवऱ्यांच्या धुरानं डोळे चुरचुरत होते आणि अण्णांचा मेहुणा गरम कणसं हातावर चोळून हिरवे दाणे आमच्यापुढे टाकत होता. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. रफिकभाई म्हणाले, "अण्णा, पेट भरा, अब कान भी भर देव." अण्णांनी हात धुतले, पेटीतून कॉर्नेट काढला आणि ज्वारीकडे तोंड करून उभे राहिले.

पहिली ओळ नेहमीसारखी गेली. दुसऱ्या ओळीत एक सूर मध्येच फाटला. अण्णांनी कॉर्नेट खाली घेतला, ओठ पुसले, पुन्हा लावला. पुन्हा तिथेच फाटला.

"थंडीनं वट उललेत," ते हसून म्हणाले. "हुरड्याची मिरची बी लागली."

आम्हीही हसलो. त्यांची बायको महादेवीवैनी चुलीजवळून म्हणाल्या, "तूप लावा की वटाला, कितींदा सांगितलं." कुणीतरी गाणं म्हणायला लागलं आणि ते तिथंच संपलं. परतीच्या वाटेवर मात्र अण्णा गाडीत माझ्या पुढच्या सीटवर बसले होते आणि खिडकीच्या काचेत बघून ओठ आवळत होते, सैल सोडत होते, पुन्हा आवळत होते.

दोन दिवसांनी ते माझ्या दुकानात आले. मी ओठांना लावायचं मलम दिलं. पुढच्या आठवड्यात आले तेव्हा जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर आले तेव्हा त्यांनी काही मागितलं नाही. बाजूला उभे राहिले, गर्दी ओसरू दिली, मग सदऱ्याच्या खिशातून कॉर्नेटचा ओठांकडचा सुटा भाग काढला. पितळेची छोटी वाटीच असते ती, ओठांना लावायची. सतारीला तार तसे इथे ओठ, सगळा सूर तिथून निघतो.

"ताई, बघा हं," ते म्हणाले.

आधी त्यांनी शीळ घातली. स्वच्छ, सरळ शीळ. मग गाल फुगवून दाखवले, ओठ मुडपून दाखवले. सगळं व्यवस्थित. मग ती वाटी त्यांनी ओठांना टेकवली. अजून फुंकलंही नव्हतं. नुसती टेकवली, आणि त्यांच्या ओठाचा डावा कोपरा उडायला लागला. डोळ्याची पापणी उडते तसा, बारीक, भराभर. त्यांनी वाटी काढली, कोपरा शांत झाला. पुन्हा लावली, पुन्हा उडायला लागला.

"चहा पिताना न्हाई. बोलताना न्हाई. गिऱ्हाइकाशी भांडताना बी न्हाई," ते म्हणाले. "हे लावलं की फक्त. त्याला कसं कळतं हो?"

एक बाई मुलाला घेऊन औषध घ्यायला आली होती, ती गोंधळून आमच्याकडे बघत राहिली. माझ्या मागे छतापर्यंत औषधं होती. तापाची, पित्ताची, झोपेची, नसांची, थरथर थांबवायची सुद्धा. मी वळून त्या फळ्यांकडे बघितलं. काहीतरी करत असल्यासारखं दाखवायला एक खोका काढला आणि परत ठेवला.

मग डॉक्टर करून झाले. आधी घरचे, मग नसांचे. डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. दुकानात मी हे वाक्य रोज ऐकते, लोक ते सांगताना देवाला हात जोडतात. अण्णांनी तो लिफाफा माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "काईतरी निघायला पायजे होतं."

तालमीत सगळ्यांकडे उपाय होते. कुणी म्हणालं, आठवडाभर वाजवू नका. कुणी म्हणालं, सोडलंत तर ओठ आणखी विसरतील, रोज वाजवा. कुणी मधाचं बोट लावायला सांगितलं, कुणी प्राणायाम. अण्णांनी सगळं केलं, एकेक करून, शाळेतल्या शहाण्या मुलासारखं. रफिकभाई रोज संध्याकाळी दुकान बंद करून त्यांच्याकडे नुसते जाऊन बसायचे. "फिकर नक्को करो अण्णा, जैसा गया वैसाच आता," एवढंच म्हणायचे. अण्णा मान हलवायचे आणि कानडीत म्हणायचे, "येन माडोदु." काय करायचं. ते प्रश्न म्हणून विचारत नसत. पोतं खाली ठेवताना माणूस हुश्श करतो तसं म्हणत.

जानेवारी लागल्यावर एका रविवारी मास्तरांनी तालीम संपल्यावर आम्हा दोघांना थांबवून घेतलं. अण्णांकडे न बघता म्हणाले, "मधला भाग क्लॅरिनेटला देऊ का? तात्पुरता."

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "द्या की मास्तर. ताई चांगलं वाजवतील. मी दाखवतो त्यांना."

आणि दाखवला त्यांनी. रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांवर बसून त्यांनी तो भाग मला गाऊन शिकवला. कुठं थांबायचं, कुठं थांबलोय हे कळू द्यायचं नाही, कुठला सूर जरा उशिरा सोडायचा. त्यांचा गळा साधाच होता, पण त्या गाण्यातून मला कॉर्नेट ऐकू यायचा. माझ्या क्लॅरिनेटमधून मात्र तो भाग नुसता बरोबर यायचा. अण्णा म्हणायचे, छान. मला कळायचं, त्यांनाही कळायचं.

मग कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या तालमीत एक गोष्ट घडली. सुरुवातीला सगळे फुंकर घालत बसले होते, अण्णाही सवयीनं घालत होते, आणि त्यांच्या कॉर्नेटमधून सूर निघाला. अख्खा, न फाटलेला. त्यांनी कॉर्नेट काढला नाही. तसाच पुढे नेला, आणि मधला भाग सबंध वाजवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकटेच. संपल्यावर कॉलेजातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मास्तर चष्मा पुसत होते. मी माझ्या समोरची पानं अण्णांच्या स्टँडवर नेऊन ठेवली. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. अण्णांनी घरी जाताना पेढे घेतले आणि वाटेत भेटेल त्याला देत गेले. कसले पेढे, असं लोक विचारत होते. ते म्हणत होते, "असंच की."

सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी बागेत चांगली गर्दी होती. मुलं फुगे घेऊन पळत होती, भेळेच्या गाड्यावर झुंबड होती, तलावावरून गार वारा येत होता आणि आम्ही स्टँडवरची पानं चिमट्यांनी धरून ठेवली होती. पुढच्या रांगेत महादेवीवैनी निळ्या इरकल साडीत बसल्या होत्या, शेजारी त्यांची धाकटी मुलगी. पहिल्या तीन रचना झाल्या. मग मास्तरांची.

एकेक वाद्य गप्प होत गेलं. ड्रम थांबले. आम्ही खाली लांब सूर धरले. अण्णांनी कॉर्नेट उचलला. पहिला सूर आला, दुसरा आला. तिसऱ्याला आवाज फाटला, आणि त्यानंतर नुसता वारा. फूं असा, पितळेतून जाणारा कोरडा वारा. त्यांनी कॉर्नेट खाली घेतला नाही. मी त्यांच्या तिरकस मागे बसले होते. मला त्यांचा गाल दिसत होता आणि ओठाचा कोपरा उडताना दिसत होता.

मला तो भाग पाठ होता. माझी बोटं कळांवर होती. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी काठी थांबवली नव्हती, पण डावा हात आमच्याकडे करून तळवा खाली धरला होता. धरून ठेवा, कुणी काही करू नका. अण्णांची जागा त्यांनी अण्णांसाठी मोकळी ठेवली. कदाचित पुढच्या ओळीला येईल, असं त्यांना वाटलं असेल. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. आम्ही लांब सूर धरून बसलो, एक ओळ गेली, दुसरी गेली. वर काहीच नव्हतं. अण्णा बोटं मात्र दाबत होते, जिथल्या तिथे, एकही न चुकवता. मग ड्रम आले, बाकीचा बँड आला, आणि रचना जशी संपायची तशी संपली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मन लावून वाजवल्या. पाहुणे म्हणून एक गृहस्थ आले होते, ते भाषणात म्हणाले की मधला तो शांत भाग त्यांना विशेष भावला. मास्तरांनी मान झुकवली. दुसरं काय करणार.

खुर्च्या आवरताना अण्णा कॉर्नेटवर मऊ फडकं फिरवत होते, रोजच्यासारखं, आधी टोकाचा घंटेसारखा भाग, मग नळ्या. मी जवळ गेले.

"लोकांना कळलं का हो, ताई?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "कुणालाच नाही कळलं."

"न्हाई?"

"नाही."

त्यांनी पेटी बंद केली. "ते बरं झालं का वाईट, तेच समजंना मला," ते म्हणाले, आणि भेळ खाणाऱ्या मुलीला हाक मारायला गेले.

पुढे मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरांनी त्या गोष्टीला नाव दिलं. मेंदू आणि ओठ यांच्यातलं काहीतरी बिघडतं, वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांनाच होतं, सगळ्यांना नाही, कुणाला तरी. हमखास औषध नाही. तरी त्यावर काही निघतं का याचा मी खूप शोध घेतला, औषध कंपन्यांच्या माणसांना विचारलं. अण्णांना नाव मिळाल्याचं थोडं समाधान वाटलं असावं. त्यांच्या दुकानात लोक विचारायचे, "अण्णा, वाजवणं सोडलं का?" तेव्हा ते आता ते इंग्रजी नाव सांगू शकत होते. लोक गंभीर होऊन ऐकायचे आणि डाळीचा भाव विचारायचे.

त्यांनी बँड सोडला नाही. आता ते शेवटच्या रांगेत रफिकभाईंच्या शेजारी मोठा ढोल वाजवतात. चांगला वाजवतात. वेळेवर येतात, हसतात, नव्या मुलांना फुंकर कशी घालायची ते सांगतात. मला वाटायचं, त्यांनी मनाची समजूत घातली. माणूस घालतो. परवाच्या तालमीतही ते तसेच होते. थंडी पडली म्हणून कानाला मफलर, आणि मला म्हणाले, "ताई, औंदा मंगळवेढ्याला ज्वारी लई झाक हाय. हुरड्याला चला."

मग या बुधवारी महादेवीवैनी दुकानात आल्या. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, पिशवीत टाकल्या, तरी गेल्या नाहीत.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "दुपारच्याला जेवून झोपतात की हे. तवा झोपेत वाजवतात."

मला कळलं नाही.

"वट असे करतात," त्यांनी ओठ आवळून दाखवले. "आन् उजव्या हाताची बोटं छातीवर दाबतात. लई येळ. मी बसून बघते. तवा वट जरासुदिक उडत न्हाई, ताई. मला गाण्यातलं काय कळत न्हाई. तुमी येऊन बघता का? बोटांवरनं कळंल तुमाला, काय वाजवतात ते."

दुसऱ्या दिवशी दुकान मुलाच्या हवाली करून मी गेले. पुढच्या खोलीत पलंगावर अण्णा उताणे झोपले होते, पायावर सोलापुरी चादर, खिडकीतून ऊन जमिनीवर आलेलं. वैनींनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यात बसल्या. थोड्या वेळानं बोटं हलायला लागली. तीन बोटं, छातीवर, बनियनवर. ओठ आवळले गेले, नेमके, घट्ट, आणि तसेच राहिले. कोपरा अगदी स्थिर होता.

मी लक्ष देऊन बघत होते. पण कॉर्नेटला कळा तीनच. एकाच बोटावर कितीतरी सूर बसतात, त्यातला कुठला ते ओठ ठरवतात, आत, बाहेरून न दिसता. बोटं मला सगळी दिसत होती आणि त्यांच्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं. जुनं गाणं असेल, मास्तरांचं काही असेल, दुधनीच्या शाळेतलं असेल, किंवा अजून कुणी केलेलंच नसेल असं काही.

"काय हाय?" वैनींनी हळूच विचारलं.

"नाही सांगता येत," मी म्हणाले.

"उठवू का? उठवून लगेच कॉर्नेट हातात दिला तर?" त्या म्हणाल्या. "का सांगूच नको त्यांना?"

अण्णांची बोटं थांबली होती. मग त्यांनी नाकानं एक लांब, खोल श्वास आत घेतला, मोठी ओळ सुरू करण्याआधी घेतात तेवढा, आणि आम्ही दोघी त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो.